नितळ पाणी, स्वच्छ काच: अतिनील निर्जंतुकीकरणाची शंभर वर्षे

शहराला पुरवायचे पिण्याचे पाणी अतिनील किरणांनी निर्जंतुक करण्याचा पहिला मोठा प्रयोग १९१० साली फ्रान्समधील मार्सेल येथे झाला. त्यानंतर तीन दशकांतच ही पद्धत महाग आणि बेभरवशाची ठरून मागे पडली. क्लोरीनने तिची जागा घेतली. पुढे अर्धे शतक ती लहान गावांच्या झऱ्यांपुरती आणि जहाजांपुरती उरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ती पुन्हा महानगरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत शिरली आणि आज जगातील काही सर्वांत मोठ्या शहरांचे पाणी तिच्या हाताखालून जाते. या सगळ्या काळात किरण देणारे साधन मूळचे तेच राहिले: पाऱ्याच्या वाफेतून वीज सोडली की पेटणारा दिवा. बदल झाला तो दिव्याभोवती. दिव्यातून निघालेला प्रकाश वाटेत कुठे वाया जातो याचा हिशेब अभियंत्यांना जसजसा कळत गेला, तसतशी या पद्धतीची कार्यक्षमता वाढत गेली.

सूर्यप्रकाशापासून पाऱ्याच्या दिव्यापर्यंत

डोळ्यांना न दिसणारे हे किरण १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर यांना सापडले. वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडते असे त्यांना आढळले. त्या वेळी रोगजंतूंची कल्पनाच रुजलेली नव्हती, त्यामुळे या किरणांचा आणि रोगांचा संबंध जोडायला आणखी पाऊण शतक लागले.

१८७७ साली इंग्लंडमधील आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी पोषक द्रावणाने भरलेल्या काचनळ्या उन्हात ठेवल्या. काही नळ्या शिशाच्या पत्र्याने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतले द्रावण जिवाणू वाढून गढूळ झाले. उन्हातल्या नळ्या स्वच्छ राहिल्या. उन्हाची ऊब नव्हे, तर प्रकाशच जिवाणूंना रोखतो आणि त्यातही वर्णपटाचे निळे-जांभळे टोक अधिक प्रभावी असते, हे त्यांनी दाखवले. पुढे १८९०च्या दशकात मार्शल वॉर्ड यांनी अँथ्रॅक्सच्या बीजाणूंवर प्रयोग केले. बीजाणू मिसळलेल्या आगरच्या तबकडीवर अक्षर कोरलेला पडदा ठेवून तिच्यावर प्रकाश सोडला की, नंतर उबदार जागी ठेवलेल्या तबकडीवर सगळीकडे जिवाणूंची वाढ दिसे. अक्षराचा आकार तेवढा स्वच्छ राही. वॉर्ड यांचे हे काम टेम्स नदीच्या पाण्यातील जिवाणूंच्या अभ्यासाचा भाग होते. नदीचे पाणी उघड्यावर वाहताना काही प्रमाणात आपोआप शुद्ध का होते, या प्रश्नाचे एक उत्तर त्यातून मिळाले.

पाणीपुरवठ्यासाठी मात्र सूर्यावर विसंबता येत नाही. जंतूंवर सर्वांत परिणामकारक असलेले लघुतरंगी अतिनील किरण वातावरणातील ओझोनच्या थरातच अडतात. ते किरण जमिनीवर हवे असतील तर दिवा हवा. अमेरिकेतील पीटर कूपर ह्युइट यांनी १९०१ च्या सुमारास पाऱ्याच्या वाफेचा दिवा व्यवहारात आणला, पण त्याची साधी काच हेच किरण शोषून घेत असे. जर्मनीतील हनाऊ येथे हेरॉयस कारखान्यात रिचर्ड कुख यांनी स्फटिक वितळवून शुद्ध क्वार्ट्झची काच बनवण्याची रीत बसवली. क्वार्ट्झमधून अतिनील किरण आरपार जातात. पाऱ्याची वाफ आणि क्वार्ट्झची नळी यांचा संयोग झाल्यावर पाणी निर्जंतुक करण्याचे हत्यार तयार झाले.

मार्सेलची सुरुवात आणि अमेरिकेतील माघार

पाण्याच्या शुद्धीकरणात त्या काळी फ्रान्स आघाडीवर होता. नीस शहराने १९०६ साली ओझोन वापरून पाणी निर्जंतुक करायला सुरुवात केली होती. १९०९ मध्ये लियोंच्या कुर्माँ आणि नोजिए यांनी पाण्यात बुडवलेल्या क्वार्ट्झ दिव्याचे प्रयोग फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले. पुढच्याच वर्षी मार्सेलमध्ये व्हिक्टर आंरी, आंद्रे एलब्रोनर आणि माक्स फॉन रेकलिंगहाउझेन यांच्या संशोधनावर आधारलेले यंत्र उभे राहिले. मार्सेलला द्युरांस नदीचे पाणी कालव्याने येई आणि ते गाळाने भरलेले असे. ते आधी गाळून घेऊन मगच दिव्यापाशी नेले जाई. गढूळ पाण्यावर किरणांचा उपयोग नाही, हा धडा इतका जुना आहे.

अमेरिकेत केंटकी राज्यातील हेंडरसन शहराने १९१६ साली ही पद्धत उचलली. १९२३ मध्ये ओहायोतील बेरिया आणि कॅन्ससमधील हॉर्टन, तर १९२८ मध्ये ओहायोतील पेरिसबर्ग ही शहरे तिच्याकडे वळली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस या सर्व ठिकाणी ती बंद पडली होती.

कारणे उघड होती. दिवे लवकर जुने होत आणि जुन्या दिव्यातून किती किरण निघतात हे मोजायचे साधन नव्हते. दिवा डोळ्यांना पेटलेला दिसे, पण जंतूंवर परिणाम करणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणजे केंद्रातला कर्मचारी ज्या उजेडाकडे पाहून निश्चिंत होई, तो उजेड कामाचा नव्हताच. दुसरीकडे क्लोरीन झपाट्याने स्वस्त होत होते. इंग्लंडमध्ये मेडस्टन येथे १८९७ साली विषमज्वराच्या साथीत ब्लीचिंग पावडरने नळांचे जाळे निर्जंतुक केले गेले होते. लिंकन शहरात १९०५ साली अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी क्लोरीनचा सलग वापर सुरू केला. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील आणि जॉर्ज फुलर यांनी क्लोरीन सोडले, आणि त्यानंतर ही पद्धत देशभर पसरली. क्लोरीनचा डोस साध्या रासायनिक चाचणीने तपासता येई आणि त्याचा थोडा अंश पाण्यासोबत थेट नळापर्यंत जाई. अतिनील किरणांपाशी यांपैकी काहीच नव्हते.

जंतूंवर नेमके काय घडते

शहरे ही पद्धत सोडत असतानाच प्रयोगशाळेत तिचे मर्म उलगडत होते. अमेरिकेतील फ्रेडरिक गेट्स यांनी १९३० पर्यंतच्या अभ्यासात वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण जिवाणूंवर सोडून पाहिले. सर्वांत प्रभावी किरण साधारण २६० ते २६५ नॅनोमीटरच्या आसपास असल्याचे त्यांना आढळले, आणि हा आलेख न्यूक्लिक आम्ल किरण कसे शोषते त्या आलेखाशी जुळत होता. डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य आहे हे सिद्ध होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. सुदैवाने, कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून निघणारा बहुतेक सारा अतिनील प्रकाश २५३.७ नॅनोमीटरचा असतो. तो या सर्वोच्च बिंदूच्या अगदी जवळ येतो.

१९६० साली हॉलंडमधील बॉयकर्स आणि बेरेंड्स यांनी किरणांमुळे डीएनएतील शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात हे दाखवले. अशा जोड्या झाल्या की डीएनएची प्रत काढता येत नाही. जंतू तत्काळ मरतोच असे नाही. त्याची वीण थांबते, आणि ज्याची वीण थांबली तो माणसाला आजारी पाडू शकत नाही. याला एक पुरवणीही आहे. अल्बर्ट केलनर यांनी १९४९ साली दाखवले की किरणांनी निकामी झालेले काही सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात पुन्हा सावरतात, कारण त्यांच्यापाशी डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा असते. म्हणून डोस निश्चित करताना नुकसान दुरुस्तीच्या पलीकडे जाईल इतका ठेवावा लागतो.

इथे डोस म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले पाणी त्या किरणांत राहिल्याचा काळ. तो दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिज्यूल, असा सांगतात. ठराविक डोसला जंतूंचा ठराविक हिस्सा निकामी होतो: एका डोसला शंभरातले नव्वद, दुप्पट डोसला उरलेल्यांतले पुन्हा नव्वद टक्के, म्हणजे एकूण ९९ टक्के, तिप्पट डोसला ९९.९ टक्के. या पायऱ्यांवरच पुढचा सगळा हिशेब उभा राहिला.

डोंगराळ देशांतील पुनरागमन

ही पद्धत १९५०च्या दशकाच्या मध्यापासून स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियामध्ये परतली. तिथल्या गावांना डोंगरातील झऱ्यांचे पाणी मिळे. ते मुळातच इतके नितळ होते की किरण त्यातून सहज आरपार जात. शिवाय लहान गावात क्लोरीनचा साठा, त्याची देखरेख आणि पाण्याला येणारा वास कोणालाच नको होता. १९८५ पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ५०० आणि ऑस्ट्रियात सुमारे ६०० ठिकाणी ही यंत्रे बसली होती. एव्हाना कमी दाबाचे नळीसारखे दिवे तयार होऊ लागले होते आणि ते आधीच्या दिव्यांपेक्षा स्वस्त व टिकाऊ होते.

मोठ्या शहरांना मात्र एका वेगळ्याच धक्क्याने जाग आली. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवले की, पाण्यातील सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन द्रव्ये तयार होतात. १९७९ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या द्रव्यांवर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. क्लोरीन कमी करायचे तर जंतूंचा भार दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवा होता. नॉर्वेने १९७५ पासून आणि नेदरलँड्सने १९८० पासून अतिनील किरणांचा मार्ग धरला.

डोस मोजण्याचे शास्त्र

आता जुनाच प्रश्न अधिक धारदार होऊन उभा राहिला: पाण्याला नेमका किती डोस मिळतो? १९६६ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १६ मिलिज्यूल हा किमान डोस सांगितला होता, पण तो यंत्रात प्रत्यक्ष मिळतो की नाही हे ताडून पाहण्याची रीत नव्हती. दिव्याची तीव्रता आणि पाणी टाकीत राहण्याचा सरासरी काळ यांचा गुणाकार केला की झाले, असे मानले जाई.

ही समजूत किती घातक ठरू शकते हे एका साध्या गणितातून दिसते. समजा यंत्रातून जाणाऱ्या पाण्यापैकी ९९ टक्के पाण्याला हवा त्याच्या दहापट डोस मिळतो आणि उरलेले एक टक्का पाणी भिंतीच्या कडेने, दिव्यापासून दूर, झपकन निसटून जाते. पहिल्या भागात एकही जंतू उरणार नाही; पण त्या एक टक्का पाण्यातले सगळे जंतू जिवंत राहतील. म्हणजे एकूण निकाल ९९ टक्क्यांच्या वर कधीच जाणार नाही. दिव्यांची संख्या दुप्पट केली तरी फक्त वीजबिल वाढेल. वीज वाढवून हा दोष जात नाही. तो पाण्याच्या प्रवाहात असतो आणि तिथेच दुरुस्त करावा लागतो.

रॉबर्ट क्वॉल्स आणि डोनाल्ड जॉन्सन यांनी १९८३ साली यावर उपाय सुचवला. निरुपद्रवी जिवाणूंचे बीजाणू आधी प्रयोगशाळेत समांतर किरणांच्या झोताखाली ठेवायचे आणि किती डोसला किती बीजाणू निकामी होतात याचा तक्ता करायचा. मग तेच बीजाणू खऱ्या यंत्रातून सोडायचे, दुसऱ्या टोकाला किती वाचले ते मोजायचे आणि तक्त्यावरून यंत्राने दिलेला प्रत्यक्ष डोस काढायचा. यंत्राला शेवटी जंतूंनीच गुण द्यायचे, असा हा प्रकार. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने याच तत्त्वावर आपली मानके बांधली. त्यासाठी बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू वापरले आणि ४० मिलिज्यूल हा किमान डोस ठरवला. अमेरिकेत एमएस-२ हा जिवाणूंवर जगणारा विषाणू पसंत केला गेला.

या परीक्षेने यंत्रांचे रूप बदलले. पाण्याच्या प्रवाहात आडपडदे घातले गेले, आत येणाऱ्या नळांची वळणे सुधारली, दिव्यांची मांडणी बदलली. पुढे संगणकावर प्रवाहाचे गणित सोडवून प्रत्येक थेंबाचा मार्ग आधीच पाहता येऊ लागला आणि लोखंड कापण्यापूर्वीच कागदावर चुका सापडू लागल्या.

मिलवॉकी आणि एक चुकीची परीक्षा

१९९३ च्या वसंतात अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गाळणी ओलांडून नळांत पोहोचला होता. तो कठीण कवचाच्या पुटीच्या रूपात पाण्यात राहतो आणि पाणीपुरवठ्यात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणातील क्लोरीनला दाद देत नाही. क्लोरीन नियमानुसार असूनही साथ आली होती.

त्या काळी अतिनील किरणही या पुटीवर निरुपयोगी असल्याची समजूत होती. पुटी जिवंत आहे की मेलेली, हे रंगद्रव्य टाकून किंवा ती प्रयोगनळीत फुटते का ते पाहून ठरवले जाई. किरण पडल्यावरही पुट्या फुटत, म्हणजे त्या जिवंत होत्या. १९९८ साली जेनिफर क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी परीक्षाच बदलली. किरण लागलेल्या पुट्या त्यांनी उंदरांच्या पिल्लांना दिल्या. पुट्या सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट दिसत होत्या, पण त्यांनी पिल्लांना लागण केली नाही. आत डीएनए निकामी झाले होते. जी पुटी फुटू शकते पण वाढू शकत नाही, ती आरोग्याच्या दृष्टीने मेल्यातच जमा.

हा शोध फार मोठा ठरला. कारण क्लोरीनला न जुमानणारा हा परजीवी अतिनील किरणांपुढे अगदी दुबळा निघाला. अमेरिकेने २००६ साली काढलेल्या नियमात ९९.९ टक्के क्रिप्टोस्पोरिडियम निकामी करायला केवळ १२ मिलिज्यूल आणि जिआर्डिया या दुसऱ्या परजीवीला ११ मिलिज्यूल पुरेसे मानले. उलट काही विषाणू, विशेषतः ॲडिनोविषाणू, फार चिवट आहेत. त्यांचा ९९.९९ टक्के नायनाट करायला त्याच नियमाने १८६ मिलिज्यूल धरले. म्हणून परजीवींसाठी किरण आणि विषाणूंसाठी क्लोरीन, अशी कामाची वाटणी रूढ झाली. दोघांनी मिळून काम केले की दोघांचेही प्रमाण कमी ठेवता येते.

दिवा, काच आणि पाणी

मोठ्या शहरांच्या गरजेमुळे दिव्यातही सुधारणा झाल्या. कमी दाबाचा दिवा दिलेल्या विजेपैकी साधारण ३० ते ४० टक्के भागाचे उपयोगी किरण करतो, पण एका दिव्याची शक्ती कमी असते आणि शहरासाठी शेकडो दिवे लागतात. त्यात जास्त वीज ढकलली तर दिवा तापतो, पाऱ्याची वाफ वाढते आणि ती वाफ स्वतःचेच किरण गिळू लागते. मध्यम दाबाचा दिवा याच्या उलट आहे. तो काही किलोवॅटचा असतो, थोड्या जागेत मावतो, पण विजेचा जेमतेम १० ते २० टक्के भाग कामी आणतो आणि त्याची नळी ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापते.

मधला मार्ग पारदमिश्रणाच्या दिव्याने काढला. त्यात पारा मोकळा न ठेवता इंडियम किंवा बिस्मथ या धातूंसोबत मिसळलेला असतो. त्यामुळे दिवा १०० अंशांच्या वर तापला तरी वाफेचा दाब योग्य मर्यादेत राहतो. कमी दाबाच्या दिव्याची काटकसर आणि कितीतरी अधिक शक्ती, दोन्ही एका नळीत आली. आज मोठ्या केंद्रांत हेच दिवे अधिक दिसतात. नळीच्या आतील बाजूला दिलेल्या लेपांमुळे ते जुने होण्याचा वेगही मंदावला. इलेक्ट्रॉनिक चोकमुळे वीज वाचली आणि दिव्याचा जोर कमी-जास्त करता येऊ लागला. रात्री पाण्याचा वापर उतरला की दिवे आपोआप मंद होतात.

दिव्याइतकीच महत्त्वाची त्याच्याभोवतीची क्वार्ट्झची बाही. पाण्यात लोह, मँगेनीज किंवा चुना असेल तर गरम काचेवर त्यांचा थर साचतो आणि किरण आतच अडकतात. मग तीव्रता मोजणारा संवेदक कमी आकडा दाखवतो, यंत्रणा दिव्यांचा जोर वाढवते, आणि वीजबिल चढते ते केवळ काच मळल्यामुळे. म्हणून बाहीवर मागेपुढे सरकणारे पुसणी-वलय बसवले गेले. काही यंत्रांत त्यासोबत सौम्य आम्लाचा हातही फिरतो.

तिसरी गोष्ट खुद्द पाणी. एक सेंटिमीटर पाण्यातून किती टक्के किरण पार जातात याला पारगम्यता म्हणतात. ९५ टक्के आणि ८५ टक्के यांत कागदावर दहाचाच फरक दिसतो. पण तो प्रत्येक सेंटिमीटरला नव्याने लागू होतो. दहा सेंटिमीटर अंतरावर पहिल्या पाण्यात सुमारे ६० टक्के किरण उरतात, तर दुसऱ्यात जेमतेम २०. डोळ्यांना दोन्ही पाणी सारखेच नितळ दिसेल. फरक विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा आणि लोहाचा असतो. म्हणून तुरटी टाकून गाळ बसवण्याचे आणि वाळूच्या गाळणीचे काम जितके चोख, तितकी पुढची वीज कमी.

न्यूयॉर्क आणि आंडेक

ही सारी प्रगती न्यूयॉर्कच्या उत्तरेला एका जागी एकवटलेली दिसते. कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून शहराला लागणाऱ्या पाण्याचा सुमारे ९० टक्के भाग येतो आणि तो गाळणीशिवाय वापरला जातो, कारण शहराने पाणलोट क्षेत्रच जपले आहे. क्रिप्टोस्पोरिडियमविषयीचा नियम आल्यावर शहरापुढे दोन वाटा होत्या: अब्जावधी डॉलरचे गाळणी केंद्र किंवा किरण. शहराने दुसरी वाट निवडली. २०१२ पासून कार्यान्वित झालेल्या या केंद्रात ५६ यंत्रे आणि ११ हजारांहून अधिक दिवे आहेत. दिवसाला २ अब्ज गॅलनांहून अधिक, म्हणजे सुमारे ७५० कोटी लिटर पाणी हाताळण्याची त्याची क्षमता आहे. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे ३८५ कोटी लिटरच्या हे जवळजवळ दुप्पट होते. याआधी सिएटलने सीडार नदीच्या पाण्यासाठी २००४ मध्ये असेच मोठे केंद्र सुरू केले होते. दोन्ही ठिकाणी मुळातले पाणी नितळ असल्यामुळेच हे परवडले.

पाणी नितळ नसेल तर काय करावे लागते, ते नेदरलँड्समधील आंडेक येथे दिसते. आयसेलमेर सरोवराच्या पाण्यात कीटकनाशकांचे अंश येत. २००४ मध्ये तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत मध्यम दाबाचे दिवे वापरून ती द्रव्ये तोडण्याची व्यवस्था झाली. त्यासाठी सुमारे ५४० मिलिज्यूल डोस लागे, म्हणजे नेहमीच्या निर्जंतुकीकरणाच्या तेरापटीहून जास्त, आणि वीजही त्याच मापाने. पाण्यातील नायट्रेट आणि सेंद्रिय द्रव्य किरणांचा मोठा वाटा खात होते. त्यावर आणखी दिवे लावण्याऐवजी २०१४ च्या सुमारास किरणांच्या आधी आयन-विनिमय आणि सिरॅमिक गाळणी बसवण्यात आली. पाण्यातील अडथळे आधीच काढल्यामुळे दिव्यांवरचा भार हलका झाला.

पुढची पायरी पाऱ्याशिवायच्या दिव्याची आहे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचे अतिनील एलईडी तत्क्षणी पेटतात, आकाराने लहान असतात आणि हव्या त्या तरंगलांबीचे बनवता येतात. पण विजेचे किरणांत रूपांतर करण्यात ते अद्याप पाऱ्याच्या दिव्याच्या बरेच मागे आहेत. म्हणून लहान यंत्रांत ते आले, महानगरी केंद्रांत पाराच टिकून आहे.

भारतातील वाट

भारतात अतिनील किरण नगरपालिकांच्या आधी स्वयंपाकघरात पोहोचले. १९८४ साली बाजारात आलेल्या ॲक्वागार्डने ते मध्यमवर्गीय घरांत नेले. मुंबईत शिकलेले आणि अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करणारे अशोक गाडगीळ यांनी बंगालमध्ये पसरलेल्या नव्या प्रकारच्या कॉलऱ्यानंतर, १९९३ पासून, खेड्यांसाठी यूव्ही वॉटरवर्क्स हे साधे यंत्र रचले. त्यात दिवा पाण्यात बुडवलेला नव्हता. उथळ तबकातून वाहणाऱ्या पाण्याच्या वर तो टांगलेला होता. त्यामुळे काचेवर थर बसण्याचा प्रश्नच मिटला. पाणी उतारानेच वाहत असल्याने पंपाचा दाबही लागत नव्हता. एका दिव्यावर मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निर्जंतुक होई. महानगरांतील यंत्रांनी पुसणी-वलय बसवून जो प्रश्न सोडवला, तो इथे रचनेतूनच टाळला गेला.

महाराष्ट्रातील शहरे आणि ग्रामपंचायती मात्र आजही क्लोरीन वायू आणि ब्लीचिंग पावडर (टीसीएल) यांवर चालतात, आणि त्याला सबळ कारण आहे. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते. बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच सुटते. उरलेल्या वेळात जलवाहिन्या रिकाम्या राहतात आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. केंद्रात कितीही प्रखर किरणांखालून गेलेले पाणी अशा वाहिनीत पुन्हा दूषित होणार, कारण किरणांचा कोणताही अंश पाण्यात मागे राहत नाही. नेदरलँड्स नळात क्लोरीन न ठेवता पाणी पुरवू शकते ते चोवीस तास दाबाखाली असलेल्या आणि गळती अत्यल्प असलेल्या जाळ्याच्या जोरावर.

तेव्हा आपल्याकडे या तंत्राचा क्रम ठरलेला आहे. आधी गाळणी चोख, मग वाहिन्या अखंड भरलेल्या, आणि त्यानंतर किरण. हा क्रम पाळला तर किरणांवरचा खर्च वसूल होईल आणि क्लोरीनही कमी लागेल. उलटा केला तर १९३०च्या दशकातील अमेरिकन शहरांप्रमाणे पेटलेल्या दिव्यांचे नुसते बिल भरावे लागेल.